कमानीमागचं कॉलेज

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘हरवलेल्या विद्येच्या जागा’ हा विषय दिला, तेव्हा नालंदा आणि तक्षशिला ही नावं आपोआप पुढे आली. पण त्या जागा आता खऱ्या अर्थानं हरवलेल्या नाहीत. तिथलं उत्खनन झालं, नकाशे निघाले, शाळेच्या पुस्तकांत धडे आले. मला अशी जागा पाहायची होती, जिच्या जवळून हजारो मराठी माणसं दरवर्षी गाडीनं जातात आणि जिथे एक मोठं कॉलेज होतं हे त्यांना कोणी सांगतच नाही.

अशी जागा जुन्या गोव्यात आहे. सां पाउलु, म्हणजे संत पॉलचं कॉलेज. सोळाव्या शतकात आशियातल्या मोठ्या ख्रिस्ती विद्यालयांमध्ये त्याची गणना होत होती. भारतातला पहिला छापखाना इथे सुरू झाला. जपानी, आफ्रिकी, युरोपीय आणि कोकणी मुलं एका छपराखाली शिकली. आज त्याचा एक दरवाजा उभा आहे. बाकी सगळं गेलं.

रस्त्यालगतचा दरवाजा

बॉम जेझूच्या चर्चसमोर बस लागतात. माणसं उतरतात, संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीचं दर्शन घेतात, समोरच्या सी कॅथीड्रलमध्ये डोकावतात, फोटो काढतात आणि पुन्हा बसमध्ये बसतात. पुढचा मुक्काम ठरलेला असतो: मंगेशी, म्हार्दोळ, कवळ्याची शांतादुर्गा. गांधी सर्कल ओलांडून फोंड्याकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यानं थोडं चाललं की गर्दी मागे पडते, आणि झाडीला पाठ देऊन उभी असलेली ही कमान दिसते.

जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत, मधोमध गोल कमान, दोन्ही अंगांना उंच बैठकीवर कोरीव माथ्याचे स्तंभ, वर कोनाडा आणि शेंड्याला क्रूस. उन्हात चिरा विटकरी दिसतो, पावसाळ्यानंतर त्यावर हिरवट काळी साय धरलेली असते. कमानीतून आत पाहिलं तर समोर अंगण नाही, जिना नाही, ओवरी नाही. गवत आणि झाडं आहेत. पुरातत्त्व खात्याची पाटी आहे, कारण हा दरवाजा राष्ट्रीय महत्त्वाचं संरक्षित स्मारक आहे. जवळच संत फ्रान्सिस झेवियरचं एक छोटं चॅपल आहे. ते कॉलेजच्याच आवारातलं. आजची वास्तू १८८४ मध्ये पुन्हा बांधलेली आहे.

या दोन खुणा सोडल्या तर आवाराची कल्पना मनानं करावी लागते. कमान चर्चच्या दर्शनी भागाची. म्हणजे आपण पाहतो तो आवाराचा एक चेहरा. त्याच्यामागे प्रार्थनागृह, वर्ग, वसतिगृह, भोजनगृह, ग्रंथ ठेवायची जागा, आजाऱ्यांची सोय आणि पुढे छापखाना, अशी एक लहान वस्तीच होती. ती कशी उभी राहिली आणि कशी उतरवली गेली हे समजून घेतलं, तर जुनी आवारं नाहीशी कशी होतात तेही कळतं.

देवस्थानांच्या जमिनींवर उभं राहिलेलं कॉलेज

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. पहिली तीसेक वर्षं त्यांचं लक्ष बंदर, व्यापार आणि किल्ल्यांवर होतं. १५४० च्या सुमारास धोरण बदललं आणि तिसवाडी बेटावरची देवळं पाडली गेली. देऊळ पडलं तरी देवळाची जमीन जागेवरच राहते. गोव्यातल्या गावकरी पद्धतीत गावाच्या सामायिक जमिनीतून देवाचा खर्च चाले: पुजारी, वाजंत्री, देवदासी, दिव्याचं तेल, जत्रा. या सगळ्यांसाठी राखून ठेवलेल्या शेतांचं उत्पन्न आता कोणाचं, हा प्रश्न १५४१ मध्ये आला.

त्याच वर्षी मिगेल व्हाझ आणि दियोगु द बोर्बा या दोन पाद्र्यांनी ‘सांता फे’, म्हणजे ‘पवित्र श्रद्धा’ नावाची संस्था स्थापन केली होती. स्थानिक मुलांना शिकवून त्यांच्यातूनच धर्मोपदेशक तयार करायचे, हा तिचा हेतू. तिसवाडीतल्या देवस्थानांचं उत्पन्न या संस्थेकडे वळवण्यात आलं. गावकऱ्यांनी याला संमती दिल्याची नोंद आहे. पाडलेल्या देवळांसमोर उभं राहून ती संमती कशी दिली गेली असेल, हे वाचणाऱ्याला समजतं. या पैशावर विद्यालयाचं बांधकाम सुरू झालं आणि २५ जानेवारी १५४३ रोजी, संत पॉलच्या धर्मांतराच्या सणाला, इथल्या चर्चचा विधी झाला. त्या सणावरूनच कॉलेजला नाव मिळालं.

फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरला तेव्हा हे काम चालू होतं. पुढच्या काही वर्षांत कॉलेजची सूत्रं त्याच्या जेझुइट संघाकडे आली. सामुदायिक बाप्तिस्म्याचे मोठे समारंभ या चर्चमध्ये होत. १५५९ नंतर पोरक्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती शिक्षण देण्याचा कायदा आला, आणि अशी मुलंही या कॉलेजच्या छत्राखाली आणली गेली. या आवाराबद्दल लिहिताना ही गोष्ट तळटीपेत ढकलता येत नाही. ती पायातच आहे.

कमानीपासून उत्तरेला मांडवी आणि पलीकडे दिवाडी बेट. दिवाडीवर सप्तकोटेश्वराचं देऊळ होतं. ते पाडलं गेलं, लिंग नदीपार डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला नेलं, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. गोव्याच्याच साष्टी भागातले मंगेश आणि शांतादुर्गा १५६० च्या दशकात खाडी ओलांडून आदिलशाही मुलखात गेले. आज ज्या देवळांकडे आपल्या गाड्या इथून पुढे जातात, ती देवळं तिथे का आहेत याचं उत्तर या कमानीच्या काळात सापडतं.

वर्गात कोण बसायचं

कॉलेजमध्ये लॅटिन, पोर्तुगीज, तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान, धर्मशास्त्र आणि संगीत शिकवलं जाई. मुलं कोकणातली, मलबारातली, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची आणि भारताहून पूर्वेच्या मुलखांतली. आपापल्या भाषा विसरू नयेत, उलट त्या भाषांत उपदेश करता यावा, ही अपेक्षा होती. त्यामुळे या आवारात एकाच वेळी कितीतरी भाषा ऐकू येत असतील.

१५४८ मध्ये कागोशिमाचा अंजिरो नावाचा एक जपानी माणूस इथे आला. मलाक्क्यात त्याची झेवियरशी भेट झाली होती. पेंटेकॉस्टच्या दिवशी गोव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला आणि त्याला कॉलेजच्या नावावरूनच ‘पाउलु द सांता फे’ हे नाव मिळालं. तो पोर्तुगीज लिहा-वाचायला शिकला. त्याच्याकडून जपानी लिपी, रीतिरिवाज आणि धर्म यांविषयी माहिती घेतली गेली. पुढच्या वर्षी झेवियर जपानला निघाला तेव्हा अंजिरो दुभाष्या म्हणून बरोबर होता. युरोपला जपानची जी पहिली तपशीलवार ओळख झाली, तिचा काही भाग मांडवीकाठच्या या खोल्यांत लिहिला गेला.

१५७८ च्या सप्टेंबरात दोन तरुण इटालियन जेझुइट गोव्यात उतरले. एक मातेओ रिची, दुसरा रोदोल्फो अक्वाविवा. रिचीनं इथे धर्मशास्त्राचा अभ्यास केला. १५८२ मध्ये तो पूर्वेला गेला आणि पुढे चिनी भाषेत गणित आणि भूगोलाचे ग्रंथ रचणारा विद्वान म्हणून बीजिंगमध्ये मान्यता पावला. अक्वाविवा याच कॉलेजात शिकवत असताना अकबराचं बोलावणं आलं. १५८० मध्ये तो आणि त्याचे सोबती फत्तेपूर सिक्रीला पोहोचले. त्यांनी अकबराला अँटवर्पला छापलेलं अनेक भाषांतलं बायबल भेट दिलं, आणि इबादतखान्यातल्या वादविवादांत ते बसले.

तिकडून परतल्यावर अक्वाविवाला साष्टीचं काम मिळालं. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी त्याला आणि त्याच्या चार सहकारी जेझुइटांना ठार मारलं. त्याआधी पोर्तुगीज फौजांनी तिथली देवळं जाळली होती. नंतर कुंकळ्ळीच्या प्रमुखांना बोलणीच्या निमित्तानं असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आलं. अकबराच्या दरबारातला वादपटू आणि कुंकळ्ळीचा बळी ही एकाच शिक्षकाची दोन टोकं. या आवाराचा इतिहास दोन्हींना धरूनच सांगावा लागतो.

अबिसिनियाला निघालेला छापखाना

६ सप्टेंबर १५५६ रोजी लिस्बनहून आलेल्या जहाजांबरोबर एक छापखाना गोव्याला पोहोचला. तो गोव्यासाठी नव्हता. पोर्तुगालच्या राजानं तो अबिसिनियाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या, धर्मप्रसारकांसाठी पाठवला होता. पुढचा प्रवास जमला नाही आणि यंत्र सां पाउलुच्या कॉलेजात राहिलं. त्याच्याबरोबर हुआन द बुस्तामांते हा स्पॅनिश मुद्रक होता, आणि त्याच्या मदतीला लिस्बनमध्ये हे काम शिकलेला एक भारतीय माणूस. त्याचं नाव कागदपत्रांत टिकलं नाही. भारतातल्या छपाईच्या पहिल्या दिवशी यंत्राशेजारी एक भारतीय हात होता, एवढं मात्र टिकलं.

ऑक्टोबर १५५६ मध्ये पहिला मजकूर छापला गेला: वादविवादासाठी मांडलेली विद्यार्थ्यांची तात्त्विक विधानं. पहिलं छापकाम कॉलेजच्या परीक्षेसाठी झालं ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पुढच्या वर्षी झेवियरची धर्मशिक्षणाची पुस्तिका निघाली. या दोन्हींची एकही प्रत आज उपलब्ध नाही. भारतात छापलेल्या पुस्तकांपैकी सर्वांत जुनं उपलब्ध पुस्तक १५६१ चं आहे, गोव्याचा पहिला आर्चबिशप गास्पार द लियांव याचं, आणि त्याची प्रत न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. १५६३ मध्ये जुआंव द एंदे या मुद्रकानं गार्सिया द ओर्ताचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ गोव्यात छापला. त्यात आंबा, फणस, हिंग, भांग आहेत आणि पटकीचं वर्णनही आहे. लुईश द कामोंइशची छापली गेलेली पहिली कविताही त्यातच आली.

मराठी वाचकाचा धागा इथून निघतो. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला. त्याचं पुढचं आयुष्य बहुतेक साष्टीत गेलं. त्यानं ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. १६१६ मध्ये ते राशोलला रोमन लिपीत छापलं गेलं. स्थानिक लिपीचे खिळे पाडता यावेत म्हणून त्यानं प्रयत्न केले, ते सिद्धीस गेले नाहीत. पुढच्या आवृत्त्या १६४९ आणि १६५४ च्या. त्यांतली १६५४ ची टेकडीवरच्या नव्या सां पाउलु कॉलेजात छापली गेली. या तीनही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज कुठे उपलब्ध नाही. काव्य टिकलं ते हस्तलिखितांमुळे. १९०७ मध्ये मंगळूरला सालढाणा यांनी त्या हस्तलिखितांवरून ते पुन्हा छापलं. देवनागरीतलं एक हस्तलिखित लंडनमध्ये सापडलं. १९५६ मध्ये शांताराम बंडेलूंनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली.

इमारत गेली तशी पुस्तकंही गेली. १६७४ नंतर गोव्यातली छपाई जवळजवळ थांबली आणि १८२१ मध्ये ‘गाझेता द गोवा’ निघेपर्यंत थांबलेलीच राहिली. मधल्या काळात, १६८४ मध्ये, व्हाइसरॉयनं कोकणीच्या वापरावर बंदीचा हुकूम काढला. ज्या सत्तेच्या कॉलेजानं देशी भाषा शिकण्याला धर्मकार्याचं साधन मानलं होतं, त्याच सत्तेनं त्या भाषांकडे पाठ फिरवली. मुद्रणाचा हा सगळा माग प्रियोळचे अ. का. प्रियोळकर यांनी आयुष्यभर काढला आणि १९५८ मध्ये भारतीय मुद्रणाच्या चारशेव्या वर्षाचं निमित्त साधून ग्रंथरूपानं मांडला. मंगेशीच्या गावच्या माणसानं सां पाउलुच्या छापखान्याचा इतिहास लिहिला, ही या आवाराची सर्वांत समाधान देणारी गोष्ट आहे.

साथ, टेकडी, हुकूम, बैलगाडी

आवार एका दिवसात नाहीसं झालं नाही. पहिला घाव पाण्याचा होता. जुनं गोवे सखल जागेत, दलदलीला लागून वसलेलं. जांभ्याची जमीन सच्छिद्र. संडासांचं पाणी झिरपून विहिरींत उतरे. पटकी आणि हिवताप पुन्हा पुन्हा येत. १५७० च्या मोठ्या साथीनं हे शहर होरपळलं आणि सां पाउलुचा परिसर राहायला वाईट अशी त्याची ख्याती झाली. चर्चच्या भिंतींना आधाराच्या कमानी द्याव्या लागल्या. त्यांच्यावरून लोक त्याला ‘कमानींचं सां पाउलु’ म्हणू लागले.

दुसरा घाव स्थलांतराचा. जेझुइटांनी पश्चिमेच्या उंच मोंत टेकडीवर नवं कॉलेज बांधलं आणि १६१० मध्ये शिक्षण तिकडे नेलं. वर्ग गेले की विद्यार्थी जातात, विद्यार्थी गेले की स्वयंपाकघर थंड होतं, आणि मग छपराचं कौल फुटलं तर दुसरं घालायला कोणी वर चढत नाही.

तिसरा घाव हुकुमाचा. १७५९ मध्ये पोर्तुगालचा प्रधान मार्क्विस द पोंबाल यानं जेझुइटांना हद्दपार केलं. गोव्यातली त्यांची घरं, कॉलेजं, जमिनी सरकारजमा झाल्या. त्याच वर्षी व्हाइसरॉयचं निवासस्थानही पणजीच्या आदिलशाही वाड्यात हललं. जुनं गोवे ओस पडू लागलं.

चौथा घाव हातोड्याचा. दों मानुएल द पोर्तुगाल ई कास्त्रु हा व्हाइसरॉय १८२६ ते १८३५ या काळात पणजी वसवत होता. दलदल भरायची, रस्ते आखायचे, बराकी बांधायच्या, आणि त्यासाठी दगड हवा. जुन्या गोव्यात तो तयार होता, घडवलेला, मोजलेला. १८२९ ते १८३२ च्या दरम्यान सां पाउलुचं कॉलेज सरकारी हुकुमानं उतरवलं गेलं आणि त्याचं सामान पणजीच्या कामांसाठी नेलं गेलं.

दगडी इमारत अशी चिरा चिरा करून का उतरवता येते, हे मला करमळीच्या बाजूला एका कुंपणाच्या कामावर कळलं. तिथला गवंडी सावंतवाडीकडचा होता. चिरा खाणीतून काढतात तेव्हा मऊ असतो, कोयत्यासारख्या हत्यारानंही त्याला आकार देता येतो. वारा लागला की तो कडक होतो, आणि जितका जुना तितका पक्का. त्यामुळे दोनशे वर्षांच्या भिंतीतला चिरा नव्या चिऱ्यापेक्षा कामाला चांगला. चुन्याचे सांधे सिमेंटसारखे धरून ठेवत नाहीत, टिकावानं सुटतात आणि दगड अखंड निघतो. “चिऱ्याक पाणी चालता,” तो म्हणाला, “पण वरचो गिलावो गेलो आणि सांद्यातलो चुनो व्हावन गेलो, की भिंत सुटता. मग ती पाडूक नको, ती आपणच खाली येता.”

याच कारणानं गोव्यातली जुनी चर्चं बाहेरून चुन्यानं लिंपलेली असत. शिंपले भाजून केलेला चुना दर पावसाळ्याआधी किंवा नंतर भिंतीवर चढे. बॉम जेझूचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला गेला, आणि उघडा चिरा पावसात झिजतो म्हणून तो परत लावावा का, हा वाद आजही चालू आहे. लाल दगडाचं बॉम जेझू आपल्याला जुनं वाटतं, पण ते रूप सत्तर वर्षांचं आहे. त्याचे दर्शनी काळे दगड वसईकडून आलेले. चुन्यानं लिंपलेल्या भिंतीत ते उठून दिसत असणार.

टेकडीवरचा पुरावा

नवं कॉलेज जिथे गेलं त्याच टेकडीवर ऑगस्टिनी संघाचं मोठं मठ-संकुल होतं. १६०२ च्या सुमारास त्यांचं चर्च पूर्ण झालं. लागून त्यांचं स्वतःचं विद्यालयही होतं. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारनं सर्व धार्मिक संघ बरखास्त केले आणि ही इमारत रिकामी झाली. १८४२ मध्ये चर्चचं घुमटी छत कोसळलं. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग, १९३८ मध्ये आणखी काही. आज ४६ मीटर उंचीचा एक मनोरा उभा आहे, एका बाजूनं उघडा पडलेला. तिथली घंटा काही काळ आग्वादच्या किल्ल्यात होती. आता ती पणजीच्या चर्चमध्ये वाजते.

पण इथे एक गोष्ट वेगळी घडली. पुरातत्त्व खात्यानं ढिगारा उपसला. भिंतींच्या रेषा, फरशा, थडग्यांचे लेख, चॅपलांची मांडणी सगळं वर आलं. आज माणूस या आवारात चालू शकतो: इथे वेदी, इथे ओवरी, इथे सभागृह. जॉर्जियाची राणी केतेवान १६२४ मध्ये इराणात मारली गेली. तिच्या अस्थींचा काही भाग ऑगस्टिनी पाद्र्यांनी गोव्याला आणून सभागृहाच्या एका खिडकीजवळ ठेवला, अशी पोर्तुगीज कागदांत नोंद होती. कोसळलेल्या भिंतीत ती खिडकी नेमकी कोणती हे शोधायला आधी खोल्यांचा आराखडा सापडावा लागला. २००५ मध्ये तिथे हाडाचा तुकडा मिळाला, हैदराबादच्या प्रयोगशाळेत त्याची जनुकीय तपासणी झाली, आणि २०२१ मध्ये भारतानं अस्थींचा एक भाग जॉर्जियाला समारंभपूर्वक दिला.

छत नाही, भिंती नाहीत, तरी जमिनीतला आराखडा आणि कागद एकमेकांना जोडले गेले आणि चारशे वर्षांपूर्वीची एक खिडकी सापडली. सां पाउलुच्या आवारात असं काम मोठ्या प्रमाणावर झालं, तर वर्ग कुठे होते आणि चर्चची खरी लांबी किती होती हे पायांच्या रेषांवरून कळू शकेल. इमारत पाडणारा सहसा पाया उकरत नाही. त्याला दगड हवा असतो आणि वरच्या दगडात त्याची गरज भागते.

राशोल: जे वापरात राहिलं

फरक पाहायचा असेल तर मडगावहून राशोलला जावं. जुवारीच्या काठी, जुन्या किल्ल्याच्या दरवाजातून वर चढलं की सेमिनरी दिसते. मडगाव आणि राशोल यांच्या दरम्यान हलत राहिलेलं साष्टीचं जेझुइट कॉलेज १६१० च्या सुमारास इथे स्थिर झालं. ‘क्रिस्तपुराण’ छापणारा, आणि स्टीफन्सचं कोकणी व्याकरण १६४० मध्ये काढणारा छापखाना इथलाच. १७५९ मध्ये जेझुइट इथूनही गेले. पण १७६२ पासून धर्मप्रांताची सेमिनरी म्हणून इमारत पुन्हा भरली, आणि आजही तिथे विद्यार्थी शिकतात.

भिंती पांढऱ्या आहेत. अंगण झाडलेलं आहे. जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या आहेत, कारण त्यांवरून रोज माणसं वर-खाली जातात. राशोलचा चिरा सां पाउलुच्या चिऱ्याहून कणखर नव्हता, इथला पाऊसही कमी नाही. फरक इतकाच, की इथे फुटलेलं कौल कोणाला तरी दिसलं आणि ते बदललं गेलं. वारसा जपण्याचे मोठे कायदे येण्याआधी वापर हाच इमारतीचा राखणदार होता. तो गेला की हुकूम आणि टिकाव यांना वाट मोकळी होते.

महाराष्ट्रातल्या जुन्या कॉलेजांनाही हे लागू आहे. शंभर-दीडशे वर्षांच्या दगडी इमारती अनेक आवारांत कुलूपबंद आहेत, कारण नवी इमारत झाली आणि वर्ग तिकडे गेले. सां पाउलुला १६१० मध्ये हेच झालं होतं. पडझडीची सुरुवात वर्ग हलवल्याच्या दिवशी होते. पाडकामाचा हुकूम फार पुढे येतो.

आता काय करावं

कमान संरक्षित आहे. कायद्यानं संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरवर नियंत्रण आहे. पण हे अंतर संरक्षित हद्दीपासून मोजलं जातं; जमिनीखालचं आवार त्या हद्दीपलीकडे पसरलेलं असेल तर तिथल्या पायाला तेवढं कवच मिळत नाही. म्हणून पहिलं काम जमिनीचा वेध घेण्याचं. न खणता, रडारनं जमिनीखालच्या भिंतींच्या रेषा टिपता येतात. त्या सापडल्या की जमिनीवर बुटक्या चिऱ्यांच्या ओळी मांडाव्यात, म्हणजे येणारा माणूस चर्चच्या लांबीवरून चालू शकेल, वर्गाच्या आकारात उभा राहू शकेल.

दुसरं काम पाटीचं. कोकणी, मराठी आणि इंग्रजीत, सगळी जमाखर्चाची बाजू लिहिणारी पाटी. देवस्थानांच्या जमिनी इथे आल्या हे तीत लिहिलेलं असावं. पोरक्या मुलांचं काय झालं हे लिहिलेलं असावं. अंजिरोचं नाव असावं, बुस्तामांतेचं असावं, आणि त्याच्याबरोबरच्या त्या निनावी भारतीय मुद्रकाचाही उल्लेख असावा. एक बाजू पुसून दुसरी लिहिली तर ती पुन्हा पाडकामच ठरेल.

तिसरं काम आपलं, म्हणजे मराठी वाचकांचं. मंगेशीला जाताना या रस्त्यानं जावं, आणि बरोबरच्या मुलांना सांगावं की देव इथून पलीकडे का गेले आणि पहिलं भारतीय छापील पान इथे कसं उमटलं. ज्यांचं उत्पन्न काढून घेतलं ती देवळं आपली आहेत, आणि या कॉलेजच्या वारसाच्या घरात छापलं गेलेलं ‘क्रिस्तपुराण’ही आपलं आहे. दोन्ही ताबे आपल्याकडे असताना ही जागा परकी मानता येत नाही. तिचा आराखडा जमिनीत आहे, कागद लिस्बन, रोम आणि पणजीच्या दप्तरांत आहेत. ते एकत्र आणायला पैसा, तज्ज्ञ आणि इच्छा लागते. यांपैकी इच्छा मागण्याचा अधिकार प्रत्येक वाचकाला आहे, आणि ती जोरानं मागितली पाहिजे.